माळ्यावरचा तबला आणि जुलैतली चाचणी

बारावीचा निकाल लागला की आठवडाभरात हा प्रश्न यायला लागतो. दरवर्षी त्यात वाद्य तेवढं बदलतं. "मुलगा दुसरीपासून तबला शिकत होता. मध्यमा पूर्ण झाली आहे. दहावीला फक्त वर्षभरासाठी क्लास बंद केला, मग अकरावी-बारावीला वेळच मिळाला नाही. आता जुलैत प्रवेश चाचणी आहे. दीड महिन्यात तयारी करून घेणारा चांगला क्रॅश कोर्स सुचवा." कधी मुलाच्या जागी मुलगी असते, कधी तबल्याच्या जागी सतार, व्हायोलिन नाहीतर हार्मोनियम. 'फक्त वर्षभरासाठी' हे शब्द मात्र हटकून असतात.

असा कोर्स मी सुचवत नाही. यंदाही सुचवणार नाही. कारण सांगतो, पण त्याआधी पालकांनी एक गोष्ट नीट पाहावी. चाचणी कशाची आहे आणि ती देण्याची इच्छा कोणाची आहे? माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून अधिक घरांत या दोन प्रश्नांची उत्तरं आई, वडील आणि मूल तिघेही वेगवेगळी देतात.

चाचण्यांचे प्रकार पटकन उरकतो, कारण त्यांची माहिती त्या त्या संस्थेच्या पत्रकात असते आणि ती दरवर्षी तिथूनच वाचलेली बरी. पदवीसाठी पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, १९८७ पासून. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग, एसएनडीटी, भारती विद्यापीठ, पणजीची कला अकादमी हे जवळचे पर्याय. घर सोडायची तयारी असेल तर बनारस आणि बडोदा. बडोद्याची संगीतशाळा मौलाबक्षांनी १८८६ साली सुरू केली, तीच पुढे सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स विद्याशाखा झाली. अशा ठिकाणी प्रात्यक्षिक होतं, मुलाखत होते आणि पुढची तीन-चार वर्षं हे मूल रियाजाला टिकेल का, याचा अंदाज घेतला जातो. आकाशवाणीची श्रेणी किंवा केंद्र सरकारची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती या पुढच्या गोष्टी. त्यांच्याकडे शेवटी येतो.

तिसरा प्रकार म्हणजे सांस्कृतिक कोटा. सध्या सगळी फॅशन त्याचीच आहे. एखाद्या नामांकित महाविद्यालयात वाणिज्य किंवा मानसशास्त्र घ्यायचंय, गुण थोडे कमी पडतात, मग तबल्याच्या जोरावर आत शिरायचं. दिल्ली विद्यापीठात अशा प्रवेशासाठी रीतसर चाचणी होते, आपल्याकडच्याही काही महाविद्यालयांत होते. ज्या मुलाने वाजवणं कधी सोडलंच नाही त्याने या जागेवर हक्काने अर्ज करावा. पण ज्याने तीन वर्षं तबल्यावरचं कापडही काढलेलं नाही, त्याला गुण कमी पडले म्हणून त्या रांगेत उभं करणं मला साफ नामंजूर आहे. एक तर तो तिथे टिकत नाही, कारण त्याच्या पुढेमागे रोज वाजवणारी मुलं उभी असतात. आणि चुकून निवड झालीच, तर पुढची तीन वर्षं कॉलेजच्या प्रत्येक महोत्सवात, प्रत्येक तालमीला त्याला रात्री उशिरापर्यंत बसावं लागतं. नको असलेल्या विषयाच्या जोडीला मग नकोसा झालेला तबलाही येतो. अशी मुलं दुसऱ्या वर्षी माझ्याकडे येतात, या वेळी एकटी.

आता क्रॅश कोर्सचं. तिथे नेमकं काय शिकवतात ते मी विचारून घेतलं आहे. एक पेशकार, एक कायदा, दोन तुकडे आणि शेवटी टाळ्या घेणारी एक चक्रदार, असा दहा मिनिटांचा ऐवज मुलाकडून घोटून घेतात. लहऱ्याच्या एकाच रेकॉर्डिंगवर, एकाच लयीत. मूल घरी वाजवून दाखवतं, आजी कौतुक करते, फी वसूल झाल्यासारखी वाटते.

परीक्षक मात्र तो ऐवज पूर्ण ऐकतच नाहीत. दोन मिनिटांत हात वर करून थांबवतात आणि म्हणतात, "हाच कायदा ठायीत वाजव." किंवा, "तबला बाजूला ठेव, पढंत कर." किंवा त्रितालात आलेल्या मुलाला सांगतात, "झपताल धर, आणि ही मुलगी गाते आहे, तिला ठेका दे." घोटून आणलेलं मूल इथे उघडं पडतं. त्याला लय सावकाश झाली की हात कुठे ठेवायचा कळत नाही, कारण रिकाम्या जागेत थांबण्याची सवयच लागलेली नसते. जलद वाजवताना झाकली जाणारी प्रत्येक चूक ठायीत ऐकू येते. 'ना' चाटेवर खणखणीत पडतो की मैदानात घसरतो, 'तिरकिट'मधली चारही अक्षरं सुटी येतात की नाही, डग्ग्यावरचं मनगट मोकळं आहे की धरलेलं, हे सगळं अनुभवी कानाला काही आवर्तनांत कळतं. त्याला तुमची चक्रदार ऐकायची गरज नसते.

"पण मध्यमा पूर्णचं प्रमाणपत्र आहे ना?" आहे, आणि त्याचा मला आदरही आहे. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्या पश्चात १९३१ मध्ये शिष्यमंडळींनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. प्रारंभिकपासून अलंकारापर्यंतच्या या परीक्षांनी चाळीतल्या, गावातल्या मुलांना संगीताची रीतसर ओळख करून दिली, हे काम लहान नाही. पण प्रमाणपत्र तुम्ही तीन वर्षांपूर्वी कुठे होता ते सांगतं. परीक्षकाला आजचा हात ऐकायचा असतो.

त्यात आणखी एक गोष्ट झाली आहे. शास्त्रीय कलांच्या परीक्षा दिलेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात. हेतू उत्तम. घराघरात मात्र त्याचा अर्थ असा लागला, की गुणांपुरत्या परीक्षा पदरात पडल्या की क्लासचं काम संपलं. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे शेवटच्या परीक्षेचा निकाल आला त्याच महिन्यात सरांची फी बंद झाली आणि तबला माळ्यावर गेला. मग तीन वर्षांनी तोच तबला खाली काढून 'पॅशन' म्हणून अर्जात लिहायचा. माफ करा, पण मुलांनाही यातला विनोद कळतो.

इथून पुढचं ज्याला खरंच परत वाजवायचं आहे त्याच्यासाठी. बाबा रे, ऐक.

खंड पडला की सगळं सारख्या वेगाने जात नाही आणि सारख्या वेगाने परतही येत नाही. बोल लक्षात राहतात. सम कळते. कायदा तोंडाने म्हणायला बसलास तर पहिल्याच दिवशी बराचसा आठवेल. हात मात्र डोक्याच्या मागे राहतो. वेग गेलेला असतो, दम गेलेला असतो. 'धिरधिर'सारखे तळव्याने वाजवायचे बोल सगळ्यात उशिरा परततात. सतारवाल्यांची बोटांवरची कातडी मऊ पडलेली असते, पहिल्या आठवड्यात तार बोटात रुतते. व्हायोलिनवाल्यांचा गज थरथरतो. हा सगळा अंतराचा त्रास आहे, कारण डोकं अजून नववीतल्या तयारीने ऐकतं आणि हात आजच्या तयारीने वाजवतो. पहिल्या पंधरा दिवसांत मुलं रडकुंडीला येतात ती याच कारणाने. "माझं सगळं गेलं" असं म्हणतात. गेलेलं नसतं. पण ते 'होतं तिथून' सुरू करायला जातात, आणि हात तिथे नसतो.

आधी वाद्य दुरुस्त कर. हे इतकं साधं आहे की कोणी सांगत नाही. तीन वर्षं माळ्यावर पडलेल्या तबल्याच्या वाद्या सैल झालेल्या असतात, शाईला भेगा गेलेल्या असतात, चाट बसलेली असते. अशा तबल्यावर रियाज केलास तर सूर येत नाही म्हणून तू जोर लावशील, आणि जोराने मनगट दुखावशील. पुडी बदलून घे. त्यातून आपल्याकडे या चाचण्या नेमक्या पावसाळ्यात येतात. दमट हवेत चामडं सैल पडून सूर उतरतो, आणि चाचणीची खोली वातानुकूलित असली तर कोरड्या हवेत तोच सूर चढतो. म्हणून त्या दिवशी तबला पाच मिनिटं आधी नाही, चांगला अर्धा तास आधी नेऊन ठेवायचा आणि हातोडी स्वतःची न्यायची. सतारीची जवारी मिरजेला किंवा तुझ्या गावातल्या जाणकाराकडे काढून घे, गंजलेल्या तारा बदल. हार्मोनियमचा भाता हवा धरतो का ते पाहा, उतरलेले सूर लावून घे. ही कामं पहिल्या आठवड्यातच कर. जूनच्या शेवटी कारागिरांकडे गर्दी असते आणि तोवर तुझाही धीर सुटलेला असतो.

मग रियाज. एका बैठकीत तीन तास बसू नकोस. सुरुवातीला वीस-पंचवीस मिनिटांच्या तीन बैठका कर, सकाळी, दुपारी, रात्री. पहिल्या आठवड्यात एका बैठकीत तर तबल्याला हातच लावू नकोस, हातावर ताल देत नुसती पढंत कर. एकगुण, दुगुण, परत एकगुण. एसटीत, लोकलमध्ये कुठेही होते. दुसऱ्या बैठकीत एकच कायदा, तोही ठायीत, इतक्या सावकाश की कंटाळा यावा. त्या कंटाळ्यातून जाणं हाच निम्मा रियाज. तिसऱ्या बैठकीत नुसता ठेका. त्रिताल पंधरा मिनिटं, एकाच लयीत, भरणा न करता. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐक. सोळा मात्रांचं पहिलं आवर्तन आणि पंधराव्या मिनिटाचं आवर्तन यांत किती फरक पडला ते ऐकलंस तर आपली लय किती पळते ते कळेल. खंड पडलेल्या प्रत्येकाची पळते, कारण हात थकला की माणूस लवकर संपवायला बघतो.

वेळ हळूहळू वाढव. तीन वर्षं बंद असलेल्या हातावर एकदम चार तासांचा भार टाकून कोपर, मनगट धरून बसलेली मुलं मी दरवर्षी बघतो. वादकांच्या दुखापतींचं हे अगदी नेहमीचं कारण. थकवा चालेल. दुखलं, मुंग्या आल्या तर तिथेच थांब आणि डॉक्टरांना दाखव. दुखण्यातून वाजवत राहिलं म्हणजे साधना होते, असं तुला कोणी सांगितलं असेल तर त्याचं ऐकू नकोस.

साहित्य कमी ठेव. एक पेशकार, एक कायदा आणि त्याचे पाच-सहा पलटे, एक स्वच्छ तिहाई, दोन छोटे तुकडे. रेला हात परवानगी देईल तरच. त्रितालाच्या जोडीला झपताल किंवा रूपक यांपैकी एक ताल असा तयार कर की झोपेतून उठवलं तरी ठेका सुटणार नाही. जे वाजवशील ते कुठल्या घराण्याचं, कोणाकडून आलं, त्याची रचना कशी आहे, हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. मुलाखतीत हे हमखास विचारतात.

आणि जुन्या सरांकडे जा. इथेच बहुतेक मुलं अडखळतात. तीन वर्षं एक फोन केलेला नसतो, गुरुपौर्णिमेला गेलेला नसतो, आता कोणत्या तोंडाने जायचं? म्हणूनच त्यांना क्रॅश कोर्स सोपा वाटतो. तिथे कोणी ओळखत नाही, लाज वाटत नाही. पण तुझा हात ज्याने बसवला त्याच्याइतकं त्यात काय बिघडलंय हे दुसऱ्या कोणाला कळणार नाही. नवा शिक्षक महिनाभर नुसता हात समजून घेण्यात घालवेल, आणि तो महिना तुझ्याकडे नाही. सर रागावतील, रागावू दे. आईला फोन करायला लावू नकोस, स्वतः जा. "सर, खंड पडला, परत सुरू करायचंय" एवढंच सांग. कारणं देऊ नकोस, त्यांनी ती सगळी ऐकलेली असतात. सर या वर्षी चाचणी देऊ नकोस म्हणाले, तर ते गंभीरपणे घे. मीही काही मुलांना तेच सांगतो.

चाचणीत खंडाबद्दल विचारलं तर खरं सांग. तीन वर्षं वाजवलं नाही, नुकतंच परत सुरू केलंय, इतकं पुरे. नियमित रियाज करतो म्हणणाऱ्याचा हात आणि तोंड वेगवेगळं बोलताना परीक्षक रोज ऐकतात.

पालकांपैकी कोणीतरी आता कुमार गंधर्वांचं नाव काढणार, हे मला माहीत आहे. दरवर्षी निघतं. क्षयाने त्यांचं गाणं थांबलं, १९४८ मध्ये ते देवासला गेले आणि काही वर्षांच्या सक्तीच्या मौनानंतर परत मैफिलीत आले ते वेगळंच गाणं घेऊन. मग आमच्या मुलाचा खंड काय मोठा? अहो, आजाराच्या आधी ते लहानपणापासून गाजलेले गायक होते, देवधर मास्तरांकडे वर्षानुवर्षं शिकलेले होते. आणि गाणं बंद होतं तरी कान बंद नव्हते. माळव्यातली लोकगीतं ते ऐकत होते, त्यांचा विचार करत होते. म्हणून मी मुलांना विचारतो, तीन वर्षं वाजवलं नाहीस ते ठीक, पण ऐकलंस का? सवाई गंधर्वला एक संध्याकाळ बसलास का? एखाद्या तबलजीचं सोलो शेवटपर्यंत ऐकलंस का? ज्याने ऐकलेलं असतं त्याचा हात झपाट्याने परत येतो. ज्याने ऐकलंही नाही, त्याला संगीत हवंय की दुसरं काहीतरी टाळायचंय, हे बघायला हवं.

आता पालकांशी सरळ बोलतो, आणि जरा लांब बोलणार आहे.

दहावीला क्लास तुम्ही बंद केलात. मुलाने नाही. "एकदा बोर्डाचं होऊ दे" असं म्हणून केलात. तुमच्या काळजीत खोट नव्हती, शेजारच्या प्रत्येक घरात तेच चाललं होतं. पण आता नीटचा किंवा सीईटीचा निकाल हवा तसा आला नाही म्हणून तुम्हाला तोच तबला आठवला असेल, तर मुलाला ते लख्ख कळतं. जेव्हा त्याला हवा होता तेव्हा तो अडथळा होता, आणि आता तुम्हाला हवा आहे तेव्हा ती 'देणगी' झाली. तुम्ही त्याला तबला परत देताय असं तुम्हाला वाटतं. त्याला मात्र आणखी एक प्रवेश परीक्षा लागली असंच वाटतं.

एक साधी परीक्षा करा. वाद्य दुरुस्त करून आणा, त्याच्या खोलीत ठेवा आणि पंधरा दिवस त्याबद्दल चकार शब्द काढू नका. आज बसलास का, किती वेळ बसलास, सर काय म्हणाले, काही विचारू नका. मूल आपणहून बसलं तर अर्ज भरा. नाही बसलं तर भरू नका आणि त्यावरून बोलूही नका. मी हे सांगतो तेव्हा बहुतेक आया म्हणतात, "मग तो बसणारच नाही." तसं असेल तर उत्तर तुम्हाला मिळालं की.

रियाज चालू असेल तर दार बंद करू द्या. घरात येणाऱ्या प्रत्येक मावशी-काकांसमोर "एकदा वाजवून दाखव" म्हणू नका. खंडातून परत येणाऱ्या मुलाला दोन महिने वाईट वाजवण्याची मोकळीक लागते, आणि दिवाणखान्यात ती मिळत नाही. चाचणीच्या दिवशी खोलीच्या दाराशी कान लावून उभे राहू नका. परीक्षकांपैकी कोणाची ओळख निघते का म्हणून फोन फिरवू नका. ओळख निघाली तर मुलाला आयुष्यभर वाटत राहतं की आपण हाताने आत आलो नाही, आणि नाही निघाली तर तुम्ही ते त्याच्यासमोर चारदा बोलून दाखवता. भाऊ आयआयटीला आणि याने काय केलं, ही तुलना या दोन महिन्यांत तरी घरात नको.

एका वडिलांनी मला विचारलं होतं, "संगीतात गेला तर खाणार काय?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. पण त्यांना खरंतर विचारायचं होतं, की झाकिर हुसेन होणार का? एकल वादनाच्या टोकावर जागा फार थोड्या आहेत. तुमचं मूल तिथे पोचेल की नाही हे मी सांगू शकत नाही, त्याचे सरही सांगू शकत नाहीत. तेवढ्या एका जागेकडे बघून पालक एक तर हुरळतात नाहीतर घाबरतात. त्या दोन्हींच्या मधे एक मोठा व्यवसाय उभा आहे. त्याच्याकडे कोणी बघत नाही, आणि माझा सगळा जीव त्यातच अडकलेला आहे.

साथ.

आपल्याकडे साथीला दुय्यम मानायची खोड आहे. अहमदजान थिरकवांसारखा तबलिया बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत साथीला बसत असे, कादरबक्ष सारंगीला. तेव्हा प्रेक्षक नाट्यपदासाठी येत आणि ठेका ऐकून थक्क होत. साथीला कमी लेखायची सवय नंतरची. आज शहरात कुठल्याही संध्याकाळी बघा. कथकचे वर्ग भरलेले असतात, पण तत्काराला जिवंत तबला आणि लहरा धरायला हार्मोनियम मिळत नाही, म्हणून मोबाइलवरच्या लहऱ्यावर मुली नाचतात. गायन शिकवणाऱ्या बाईंना आठवड्यातून चार दिवस ठेका धरणारं कोणी हवं असतं. कीर्तनकारांना चांगला तबलजी मिळेनासा झालाय, पखवाजाला आळंदी-देहूच्या बाजूला बारमाही मागणी आहे. गोव्यात देवळांतली भजनं, सप्ताह, आरत्या. संगीत नाटकाला ऑर्गनची साथ करणारी मंडळी तर हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी उरली आहेत. हार्मोनियम वाजवणाऱ्या एखाद्या मुलाने पायपेटीच्या ऑर्गनवर हात बसवला आणि शे-दीडशे नाट्यपदं कानात साठवली, तर हौशी संस्था त्याला शोधत त्याच्या घरी येतील. हार्मोनियमला आकाशवाणीने १९४० पासून तीन दशकं बाहेर ठेवलं होतं. तरी ती पेटी मैफिलीतून हलली नाही ती साथ करणाऱ्यांमुळे. अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर ही नावं साथीनेच घराघरात पोचली.

पैसा? स्पष्ट सांगतो. महिन्याच्या एक तारखेला ठरावीक रक्कम येईल असं समजू नका. कथकच्या दोन वर्गांची साथ, पाच-सहा शिष्य, हंगामात कार्यक्रम, एखाद्या शाळेत अर्धवेळ, असं चार ठिकाणचं मिळून घर चालतं. गणपती ते दिवाळी हात रिकामा नसतो, पावसाळ्याच्या सुरुवातीला असतो. बिदागी आधी ठरवायला शिकावं लागतं, आणि हे आपले गुरू सहसा शिकवत नाहीत. पहिली काही वर्षं जोडीला दुसरी पदवी किंवा नोकरी असली तर बरं. बी.कॉम. करत साथ करणाऱ्या मुलाला मी अपयशी म्हणत नाही. लाखो रुपये भरून म्युझिक प्रॉडक्शनचा डिप्लोमा केलेल्या आणि दोन सूर ओळखू न शकणाऱ्या मुलापेक्षा तो फार पुढे असतो. (त्या डिप्लोम्यांवर मी स्वतंत्र लिहीन. आत्ता इतकंच, की फी भरण्याआधी तिथल्या शिक्षकाला एक राग ओळखायला सांगा.)

खंडातून परत येणाऱ्यासाठी तर साथ हीच सगळ्यात चांगली तयारी आहे. जवळच्या कथकच्या वर्गात जाऊन बाईंना विचार, "आठवड्यातून दोन दिवस बसू का? पैसे नकोत." पहिल्या दिवशी तुझी लय पळेल. चाळीस घुंगरू एकदम थांबतील आणि बाई तुझ्याकडे बघतील. घरी रियाज करताना असं कोणी बघत नाही. दुसऱ्याच्या पायाकडे लक्ष ठेवून तासभर ठेका सांभाळलास की हात आपोआप हलका होतो, कारण दाखवायला काही उरत नाही, नुसतं धरून ठेवायचं असतं. चाचणीत परीक्षकांनी "हिला ठेका दे" म्हटलं की तुला ते रोजचं वाटेल. महिनाभर असं बसलेली मुलं चाचणीच्या खोलीत वेगळीच दिसतात. त्यांचे खांदे खाली असतात.

आणि नाही झाली निवड तर? हा शेवटचा प्रश्न फोन ठेवता ठेवता नेहमी येतो. नाही झाली तर त्या वर्षी नाही झाली. आकाशवाणीची ऑडिशन पद्धत बा. वि. केसकर मंत्री असताना, १९५२ नंतर सुरू झाली. तेव्हा नावाजलेल्या कलाकारांनीही तिच्यावर राग काढला होता, पण परीक्षकांनी कलाकाराला न पाहता नुसतं ऐकायचं ही तिची रीत खंड पडलेल्या मुलाच्या सोयीची आहे. तिथे वय, कॉलेज, कोणाचा मुलगा यातलं काहीच दिसत नाही. बी श्रेणीपासून वर चढत जायचं असतं आणि तिशीत अर्ज करणारेही भरपूर असतात. केंद्र सरकारची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयोगटासाठी आहे, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. तिला गुरूकडे किमान पाच वर्षं शिकल्याची अट असते. म्हणजे ज्या सरांकडे तोंड दाखवायला तू लाजत होतास, त्यांच्या सहीवाचून तो अर्ज पुढे सरकणार नाही. अठराव्या वर्षी चाचणी हुकली तरी त्या अर्जासाठी पुढे सात वर्षं हातात असतात, आणि त्यातलं पहिलं एखाद्या कथकच्या वर्गात तत्कार सांभाळण्यात गेलं तरी माझी काही हरकत नाही.